पोलादी पेट्टी आणि हवेतली श्रुती

बालाजीरावांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते चेन्नईजवळच्या तांबरमच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये. पंगती चालू होत्या आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर नादस्वरम वाजत होतं. एक उंच, वाळके गृहस्थ त्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून उभे होते. पोट दुखतंय म्हणून घरी जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या कपाळाला मी शाळेत जसा हात लावायचे, अगदी तसा. ताप नाही हे ठाऊकच असतं, हात लावायचा तो पुराव्यासाठी. थोड्या वेळाने त्यांनी हात काढला, अंगवस्त्राला पुसला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "प्लास्टिक."

शेजारी त्यांच्या पत्नी श्रीदेवी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. "हे आमचे. ह्यांना कांहीच आवडत नाही. तुम्ही मनास लावून घेऊं नका."

"कोठल्या तुम्ही?" बालाजीरावांनी मला विचारलं.

"साताऱ्याची."

"म्हणजे पुणेकरीण."

सातारा वेगळा, पुणे वेगळं, असं मी सांगू लागले, तर ते म्हणाले, "तिकडचं सगळं एकच." ज्यांचे पूर्वज तिकडूनच तंजावरला येऊन सव्वातीनशे वर्षं झाली, त्या गृहस्थांचं हे भूगोलाचं ज्ञान. पण त्यांना चूक दाखवण्यात अर्थ नसतो हे मला त्याच दिवशी कळलं. आपली चूक दाखवणारा मनुष्यच मुळात कमी प्रतीचा, अशी त्यांची समजूत होती.

माझे यजमान रेल्वेत होते. त्यांच्या बदलीपायी आम्ही तांबरमला आलो, मी इथल्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. श्रीदेवींचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी आम्ही दोघी एकत्र फिरायला जाऊ लागलो. बालाजीरावांविषयी मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि निम्मं श्रीदेवींनी चालता चालता सांगितलेलं आहे. त्या नवऱ्याविषयी बोलताना आवाज मुळीच खाली करत नाहीत.

बालाजीराव चेन्नईच्या पलीकडे आवडी नावाच्या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात पत्राकामाच्या विभागात होते. जाड पोलादी पत्रा कापणं, वाकवणं, जोडणं यात त्यांची हयात गेली. त्यामुळे ज्यात पोलाद नाही ती वस्तू त्यांच्या लेखी वस्तूच नव्हती. प्लास्टिकचा उच्चार ते इतरांनी एखादा रोग सांगावा तसा करत. प्लायवूडला 'दाबलेला कागद' म्हणत. बँकेत नोकरी करणारे, पंख्याचा रेग्युलेटर बदलायला इलेक्ट्रिशियन बोलावणारे, सांबाराला पातळ म्हणणारे, घट्ट म्हणणारे, या सगळ्यांसाठी त्यांच्याकडे एकच उद्गार होता. "अय्ये!" नाकातून निघणारा. समोरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखा. श्रीदेवी सांगत, की लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्यांना वाटे, ह्यांना सर्दीचा त्रास आहे.

असे लोक मी शाळेत पुष्कळ पाहिले. बहुतेकांचा तोरा पोकळ असतो, सुईने टोचला की फुटतो. बालाजीरावांचं दुर्दैव असं, की त्यांचा हात खरोखर चांगला होता. त्यामुळे त्यांना कोणी कधी टोचलंच नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी घरी एक स्पीकर बांधला. त्यांच्या भजन मंडळीत त्याला सगळे इथल्या तमिळ बोलीप्रमाणे पेट्टी, म्हणजे पेटी, म्हणत. बाकी लोक असल्या पेट्ट्या लाकडाच्या करतात, कारण लाकडात आवाज गोड लागतो आणि वजन कमी भरतं. बालाजीरावांची पेट्टी सगळीच्या सगळी पोलादी. पत्रा जाडजूड, कोपरे असे जोडलेले की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. वर करडा-हिरवा रंग. पुढे दोन कर्णे आणि त्यांच्यावर लोखंडी जाळी. आत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्कूटरची बॅटरी. पत्रा थरथरू नये म्हणून आतून जुन्या गोधडीचं अस्तर. माथ्यावर दार उघडायची असते तसली एक मूठ. मूठ होती म्हणून ती पेट्टी 'पोर्टेबल'. उचलायला दोन माणसं लागत आणि ती दोन माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांना कंबर कशी आहे असं विचारत.

आवाज? स्पष्ट होता. गोड होता असं मी म्हणणार नाही. एकदा मी बालाजीरावांना म्हटलं, "थोडा पत्र्यासारखा वाटतो का हो?"

"पत्र्याचीच पेट्टी आहे की, बाई. पत्र्यासारखा नाही वाटणार तर काय खोबऱ्याच्या वडीसारखा वाटणार?"

आमच्या भागातल्या तंजावरी मराठी कुटुंबांची एक भजन मंडळी आहे. दर शनिवारी संध्याकाळी गुंडोरावांच्या घरच्या हॉलमध्ये भजन होतं. गुंडोराव मुख्य गायक. आवाज भरदार, स्वभाव भित्रा. सत्तरी उलटली तरी कोणी जोरात बोललं की डोळे मिटून घेतात, आणि लोकांना वाटतं, भक्ती. या मंडळीत बालाजीरावांना स्थान होतं ते केवळ पेट्टीमुळे. गाता येत नव्हतं, ते ठीक. पुष्कळांना येत नाही, ते मागे बसून तोंड हलवतात. बालाजीराव तोंड हलवत नसत, गात असत. टाळ्याही अशा जागी वाजवत की मृदंगवाला दचकायचा. शिवाय प्रसादाच्या पोंगलमध्ये मिरी जास्त झाल्याचं ते प्रसाद तोंडात असतानाच सांगत. पण माईक आणि गाणाऱ्याला धरून ठेवणारा श्रुतीचा अखंड सूर, दोन्ही त्यांच्या पेट्टीतून येत. ते आले नाहीत तर पेट्टी येणार नव्हती. म्हणून त्यांना पहिल्या रांगेत, पेट्टीशेजारी, भिंतीला टेकून बसायची जागा होती. तेवढी एक जागा सोडली तर साऱ्या तांबरममध्ये त्यांना कोणी "या, बसा" म्हणत नव्हतं. त्यांनाही हे माहीत होतं. माहीत नसल्यासारखं ते बसत, इतकंच.

घोटाळा झाला तो दिव्यनामात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. राधाकल्याणाच्या उत्सवात हॉलच्या मधोमध एक उंच समई लावतात आणि गाणारे तिच्याभोवती नामावळी गात, पावलं टाकत फिरतात. एकदा सुरू झालं की शेवटची नामावळी होईपर्यंत फेरा थांबवायचा नसतो. पूर्वी श्रुतीचा सूर हाताच्या भात्याच्या पेटीतून यायचा. आता तो गुंडोरावांच्या फोनमधून येतो आणि फोन वायरने पेट्टीला जोडलेला असतो. खरं तर फोन पेट्टीवर ठेवायचा. पण त्या वर्षी एका नामावळीसाठी सूर अर्धा चढवायचा होता, म्हणून गुंडोरावांनी फोन उचलला आणि भक्तीच्या भरात कमरेला खोचून ते फेऱ्यात शिरले. वायरही त्यांच्याबरोबर शिरली. समईला एक वेढा, मृदंगवाल्याच्या पायाला एक वेढा, आणि समई कलली. तेल तीन धोतरांवर सांडलं. बायकांनी एकदम "अय्यय्यो" केलं. गुंडोरावांनी डोळे मिटले.

तरुणने धावत येऊन समई धरली. तरुण म्हणजे गुंडोरावांचा जावई. बंगळुरूच्या कंपनीचं काम तो सासऱ्याच्या घरी बसून करायचा, आणि दिवसातला बराच वेळ ते काम किती मोठं आहे हे सांगण्यात घालवायचा.

"मामा," तो बालाजीरावांना म्हणाला, "आजकाल वायर कोण वापरतो? ब्लूटूथ लावा. सिंपल आहे."

"वायरीचा काय दोष? तुझे मामनार फिरायला निघाले तो दोष." मामनार म्हणजे सासरे.

"पेट्टी जुनी झाली, हे तरी कबूल करा."

"पोलाद जुनं होत नाही. जावई होतात."

हसले सगळे, पण ठरायचं ते ठरलंच. पुढच्या राधाकल्याणाला श्रुती बिनतारी आली पाहिजे. बालाजीरावांच्या पेट्टीतून आली तर उत्तम, नाहीतर तरुण चाकांचा तयार स्पीकर मागवणार. हे बालाजीरावांच्या तोंडावर सांगायची हिंमत मंडळीत एकालाही नव्हती. शेवटी गुंडोरावांनी ते श्रीदेवींना फोनवर सांगितलं, आणि "तुम्हीच हळूच सांगा" असं वर म्हणाले. मंडळीची शूरता ही एवढी.

श्रीदेवींनी हळूच सांगितलं नाही. "पेट्टी गेली तर तुम्हांला कोण बसवून घेणार?" असं पोळी वाढताना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, ह्यांनी ताटातली पोळी उलटून पाहिली, जणू पलीकडे काही लिहिलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी रिची स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले.

तिथून आणलेली वस्तू त्यांनी मला दाखवली तेव्हा मी त्यांच्या व्हरांड्यात चहा घेत होते. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी हिरवी चकती. ती त्यांनी मेलेला किडा धरावा तशी दोन बोटांत धरली होती.

"हें पाहा. एवढं टीचभर. ह्याच्यात म्हणे वायरलेस आहे."

"लहान असलं म्हणून काय झालं?"

"वजन नाही, बाई. ज्याला वजन नाही त्याचा भरवसा कोणी करावा?"

पण काम त्यांनी केलं, आणि चांगलं केलं. चकती पेट्टीच्या बॅटरीवर जोडल्याबरोबर कर्ण्यांतून किरकिर ऐकू येऊ लागली, डास कानाशी यावा तशी. तीन दिवस ते त्या किरकिरीमागे होते. शेवटी चकतीला वेगळा वीजपुरवठा दिला आणि किरकिर बंद झाली. त्या दिवशी श्रीदेवींना त्यांनी आपणहून कॉफी करून दिली. त्यांच्या संसारात हे सणासारखं होतं.

आणखी एक संकट होतं. पेट्टी चालू केली आणि फोन जोडला गेला की चकतीत बसवलेली एक बाई इंग्रजीत "कनेक्टेड" म्हणायची. बालाजीरावांना ती अजिबात सोसेना. "हिला कोणी पुसलं?" ते दर वेळी म्हणत. "जोडलं गेलं तें मला दिसत नाही की?" तिला गप्प करण्याचा त्यांनी खूप प्रयत्न केला. झाली नाही. श्रीदेवी मला म्हणाल्या, "टीचर, चाळीस वर्षांत ह्यांच्या घरात माझ्याखेरीज बायकांपैकी कोणी उलटून बोललं असेल तर ही पहिलीच. मला आवडली."

मग चाचणी झाली. पेट्टीची पाठ उघडी होती, झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं. श्रीदेवी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, तिथून मागच्या अंगणात विहिरीपर्यंत गेल्या. श्रुतीचा सूर व्हरांड्यात जराही न हलता वाजत राहिला. बालाजीरावांनी मान एकदा हलवली, फार थोडी, वरच्या अधिकाऱ्याने सही करावी तशी. मग झाकण उचललं, बसवलं आणि सोळाच्या सोळा स्क्रू पिळले.

"आता एकदा वाजवून बघूया ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झाकण लावल्यावर तपासतो तो मनुष्य काम न येणारा, बाई. उघडं असताना बरोबर, तर बंद केल्यावरही बरोबर. नाहीतर बंद करायचं कशाला?"

कारखान्यात पुढे तपासणारा वेगळा विभाग असतो, घरी नसतो, हे मला तेव्हा सुचलं. पण मी चहा प्याले आणि घरी आले.

राधाकल्याणाच्या दिवशी हॉल भरला होता. मैलापूरहून, गिंडीहून माणसं आली होती. तरुणने आपला चाकांचा स्पीकर आधीच आणून आतल्या खोलीत उभा केला होता, वर टॉवेल टाकून. टॉवेल टाकल्यामुळे तो प्रत्येकाच्या नजरेत भरत होता. बालाजीराव इस्त्रीचं पांढरं धोतर नेसून पेट्टीशेजारी बसले होते. सकाळचं भजन छान झालं. फोन गुंडोरावांच्या मांडीवर आणि ते पेट्टीच्या अगदी समोर. "कनेक्टेड," ती बाई म्हणाली, श्रुती सुरू झाली, आणि मैलापूरच्या एका पाहुण्याने "वायर नाही? छान, छान" असं म्हटलं. बालाजीरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पण पाठ भिंतीपासून थोडी सुटली आणि ताठ झाली.

मग समई मधोमध आली आणि दिव्यनाम सुरू झालं. गुंडोरावांनी फोन कमरेला खोचला आणि फेऱ्याला निघाले. पहिला पाव फेरा नीट गेला. समईच्या पलीकडे पोहोचले, मध्ये आठदहा गाणाऱ्यांची रांग आली, आणि श्रुती तुटू लागली. उचकी लागल्यासारखी. मग बंद. गाणारे गात राहिले, पण आधार नसल्यावर ज्याचा तो. फेरा पूर्ण होऊन गुंडोराव पेट्टीसमोर आले तशी श्रुती परत आली, आणि सगळ्यांना कळलं, की आपण केव्हाच वर चढलो आहोत. सगळा फेरा एकदम सुरावरून खाली घसरला. जिन्याची पायरी चुकावी तसं.

दुसऱ्या फेऱ्याला तेच. तिसऱ्याला चकतीतली बाईही बोलली. आधी "डिस्कनेक्टेड", आणि जरा वेळाने, गुंडोराव धापा टाकत इकडे आल्यावर, "कनेक्टेड". बायकांच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

कारण साधं होतं. पोलादाच्या बंद डब्यातून असलं बिनतारी काही आरपार जात नाही. लिफ्टचं दार लागलं की फोन मुका होतो, हे आपण रोज बघतो. पुढच्या कर्ण्यांच्या भोकांतून जी काय वाट मिळत होती तेवढीच. बालाजीरावांना हे दुसऱ्या फेऱ्यातच समजलं. उत्तर सापडल्यावर चेहरा कसा होतो ते मी आयुष्यभर बाकांवर पाहत आले, तो मला ओळखू येतो. त्यांची नजर पेट्टीच्या पाठीकडे गेली, सोळा स्क्रूंवरून फिरली आणि परत समईवर येऊन बसली. हात मांडीवरून हलला नाही.

फेरा थांबवता येत नाही. तेव्हा गुंडोरावांनी भित्र्या माणसाला सुचेल तो तोडगा काढला. त्यांनी पलीकडे जाणंच सोडलं. पेट्टीसमोर चार पावलं डावीकडे, चार पावलं उजवीकडे. मागचे सगळे त्यांच्याबरोबर. धोतर नेसलेले वीस प्रौढ गृहस्थ समईकडे पाठ करून एका करड्या-हिरव्या डब्यासमोर येरझाऱ्या घालत देवाचं नाव घेत होते. फी न भरलेली मुलं ऑफिसबाहेर घालतात तशा.

श्रीदेवी बायकांच्या रांगेतून उठून त्यांच्यापाशी गेल्या. मी जवळच होते.

"पाठचं झाकण काढा. चार स्क्रू काढलेत तरी होईल."

"सभेत उघडी पेट्टी ठेवीत नाहीत."

"सभा तुमच्या डब्याची आरती करते आहे. काढा म्हणतें."

"आतलं अस्तर दिसेल," ते म्हणाले.

गोधडीचं अस्तर! एवढ्या माणसांच्या फेऱ्याचा खेळखंडोबा चालला होता, आपली जागा डोळ्यांदेखत चालली होती, आणि या गृहस्थांना अडवत होता जुन्या गोधडीचा एक तुकडा. त्या क्षणी मला त्यांची कीव आली असती तर मी चांगली बाई ठरले असते. मला आली ती चीड. आपल्या हाताच्या कामाचा अभिमान असावा, पण तो झाकणाबाहेर डोकावणाऱ्या चिंधीला भीत असेल तर काय कामाचा?

तरुणला सांगावं लागलं नाही. त्याने आतून चाकांचा स्पीकर ढकलत आणला, टॉवेल काढला, फोनला बोट लावलं आणि श्रुती हॉलभर पसरली. येरझाऱ्या थांबल्या, फेरा परत गोल झाला, समईला सगळ्यांची तोंडं दिसली. पण त्या स्पीकरला कडेने दिवे होते. लाल, निळे, हिरवे, सुराबरोबर नाचणारे. राधाकृष्णाची तसबीर एकदा निळी व्हायची, एकदा हिरवी. तरुण ते बंद करायचं बटण शोधत स्पीकरभोवती रांगत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. वर्षभर ज्या स्पीकरची बढाई मारली त्याचं दिव्याचं बटण या मुलाने एकदाही पाहिलेलं नव्हतं. "अय्ये," बालाजीराव म्हणाले. त्या दिवसात ते बरोबर ठरले ते या एका शब्दापुरते, आणि तो ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

प्रसाद झाल्यावर पेट्टी घरी न्यायची होती. एरवी दोघं जण आपणहून पुढे यायचे. त्या दिवशी सगळ्यांना एकाएकी चपला सापडेनाशा झाल्या. बालाजीराव मूठ धरून उभे राहिले. हाक त्यांनी कोणाला मारली नाही, मारणारही नव्हते. शेवटी श्रीदेवींनी पदर खोचला आणि खालून हात घातला. रिक्षापर्यंत दोघं मधूनमधून टेकत गेले. तेवढ्या वाटेत दोघांत एकच बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "पोर्टेबल!"

पुढचे कित्येक शनिवार ते भजनाला आले नाहीत. मला आतून वाटत होतं, की आता हा मनुष्य मुकाट्याने पेट्टीला लाकडाची पाठ बसवेल आणि एका संध्याकाळी घेऊन येईल. गोष्टींत असंच होतं. पण तसं झालं नाही. श्रीदेवींनी सुचवलं तेव्हा ते म्हणाले, "दाबलेला कागद? त्यापेक्षा मी गाणं शिकेन." पेट्टी घरी पलंगाखाली गेली.

मंडळीला त्यांची आठवण आली का? खरं सांगायचं तर नाही. पोंगलमध्ये मिरी जास्त आहे असं कोणी म्हणत नव्हतं आणि सगळे शांतपणे खोकत होते. मग कंपनीने तरुणला बंगळुरूला बोलावून घेतलं. तो गेला, आणि दोन आठवड्यांनी भजनाच्या ऐन मध्यात चाकांचा स्पीकर मरून पडला. बॅटरी संपली होती. तो चार्ज करावा लागतो ही गोष्ट मंडळीत कोणाला ठाऊक नव्हती, असं नाही. ती आपण करायची आहे, असं कोणाला वाटलं नव्हतं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोणीतरी चार्ज केला, पण भलत्याच चार्जरने, आणि त्यातून जळका वास येऊ लागला.

गुंडोरावांनी विचारलं नाही. एका सकाळी ते रिक्षातून स्पीकर घेऊन आले, बालाजीरावांच्या व्हरांड्यात उभा केला, "ठेवून जातो" असं दाराकडे पाहून म्हणाले आणि निघाले. डोळे मिटलेलेच असावेत, कारण पायरीला अडखळले. बालाजीराव आत वर्तमानपत्र वाचत होते. उठले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी मी गेले तेव्हा स्पीकर उघडा पडला होता आणि त्याचे स्क्रू एका वाटीत होते. वाटी स्टीलची.

"काय करताय?" मी विचारलं.

"पाहतो, किती वाईट आहे तें."

"किती आहे?"

"विचारूं नका." त्यांनी एक स्क्रू उजेडात धरला. "हें पाहा. स्क्रू सुद्धा मऊ. पुण्याचा असेल."

ते भजनाला परत आले तेव्हा त्यांचं कोणी स्वागत केलं नाही, आणि इतके शनिवार कुठे होतात असंही कोणी पुसलं नाही. त्यांनी कोणाला माफ केलं नव्हतं आणि मंडळीनेही त्यांना केलं नव्हतं. स्पीकर ढकलत ते आत आले, दिव्यांच्या पट्टीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि भिंतीशी आपल्या जुन्या जागी बसले. पहिल्याच नामावळीला टाळी चुकीच्या जागी पडली. मृदंगवाला दचकला.

हल्ली तो चाकांचा स्पीकर बालाजीरावांच्याच घरी असतो. दर शुक्रवारी संध्याकाळी ते तो चार्जिंगला लावतात.